जुन्या बोटीवरील जोड-इंजिनांऐवजी एकच इंजिन : एक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेच्या किनारपट्टीवर 1970 ते 1990 या दशकांत फायबरग्लासच्या ज्या असंख्य बोटी बांधल्या गेल्या, त्यांपैकी मध्यम आकाराच्या अनेक बोटींच्या पिछाडीला दोन आउटबोर्ड इंजिने बसविलेली असत. एक बंद पडले तर दुसऱ्याने किनारा गाठता येईल, हा त्यामागील मुख्य विचार होय. या बोटींचे सांगाडे आजही टिकून आहेत. इंजिने मात्र केव्हाच जुनी झाली आहेत. त्यामुळे बोटमालकांपुढे प्रश्न उभा राहतो : पुन्हा दोन इंजिने बसवावीत की अधिक शक्तीचे एकच? प्रश्न वरकरणी केवळ यंत्राचा वाटत असला तरी त्यात वजन, रचना आणि संभाव्यता अशा तीन बाबी गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार केला आहे.

वजनाचा प्रश्न

जुनी इंजिने प्रामुख्याने टू-स्ट्रोक प्रकारची होती. ती वजनाने हलकी, परंतु त्यांतील इंधनाचा सुमारे चतुर्थांश भाग न जळताच बाहेर पडत असे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1996 साली नियम करून 1998 ते 2006 या काळात टप्प्याटप्प्याने उत्सर्जनावर मर्यादा आणली. परिणामी जुन्या पद्धतीची टू-स्ट्रोक इंजिने मागे पडली व फोर-स्ट्रोक इंजिनांचा प्रसार झाला. नवी इंजिने इंधन वाचवितात, आवाज कमी करतात. मात्र त्यांचे वजन अधिक असते.

150 अश्वशक्तीच्या जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचे वजन साधारणतः 170 ते 190 किलोग्रॅम, म्हणजे जोडीचे 340 ते 380 किलोग्रॅम भरते. त्याच शक्तीच्या दोन फोर-स्ट्रोक इंजिनांचे वजन 410 ते 440 किलोग्रॅमपर्यंत जाते. ज्या पिछाडीची आखणी जुन्या वजनासाठी झाली होती, ती या भाराने अधिक खाली बसते. डेकवरील पाणी वाहून जाण्याची छिद्रे पाण्याच्या पातळीजवळ येतात व मागून येणारी लाट आत शिरण्याचा धोका वाढतो. याउलट 2010 मध्ये यामाहाने आणलेल्या 4.2 लिटर क्षमतेच्या 300 अश्वशक्तीच्या इंजिनाचे वजन सुमारे 253 किलोग्रॅम आहे. एकूण शक्ती तितकीच ठेवून पिछाडीवरील भार जवळजवळ 90 ते 125 किलोग्रॅमने कमी होतो. शिवाय पाण्याखाली दोनऐवजी एकच गिअर-पेटी ओढली जात असल्याने पाण्याचा विरोधही घटतो.

रचनेचा प्रश्न

इंजिन ज्या उभ्या भिंतीवर बसते तिला ट्रान्सम म्हणतात. या भिंतीची वरची कड सरळ असली तरी बोटीचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा असतो; म्हणून भिंतीची उंची मध्यभागी सर्वाधिक असते. दोन इंजिनांमधील अंतर 66 सेंटिमीटर धरल्यास प्रत्येक इंजिन मध्यरेषेपासून 33 सेंटिमीटर दूर असते. तळाचा उतार 20 अंशांचा असेल, तर त्या ठिकाणी भिंतीची उंची मध्यापेक्षा सुमारे 12 सेंटिमीटरने कमी भरते. इंजिनांचे दांडे 20, 25 व 30 इंच अशा ठरावीक लांबीत, म्हणजे सुमारे पावणेतेरा सेंटिमीटरच्या टप्प्याने मिळतात. त्यामुळे जेथे 20 इंची जोडी होती, तेथे मध्यभागी बसणाऱ्या एका इंजिनास बहुधा 25 इंची दांडा लागतो. लांबी चुकल्यास पंखा हवा ओढतो किंवा गरजेपेक्षा खोल बुडून गती खुंटते.

दुसरी बाब भिंतीच्या मजबुतीची. जुन्या ट्रान्सममध्ये फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपून ते आतून कुजते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. पूर्वी दोन ठिकाणी विभागलेला भार व रेटा आता एकाच जागी येणार असल्याने, भिंतीवर ठोकून येणारा आवाज ऐकणे, ओलावा मोजणे आणि आवश्यक तर आतील लाकूड बदलणे ही कामे इंजिन खरेदी करण्यापूर्वीच व्हावयास हवीत. जुनी छिद्रे इपॉक्सीने बुजवावी लागतात. बोटीच्या निर्मात्याने ठरवून दिलेली कमाल अश्वशक्ती ओलांडू नये, हे तर उघडच आहे.

काही गोष्टी गमवाव्याही लागतात. एक इंजिन पुढे व दुसरे मागे चालवून बोट जागच्या जागी वळविण्याची सोय उरत नाही. तसेच विरुद्ध दिशांनी फिरणारे दोन पंखे परस्परांची पिळवट रद्द करतात. एकच पंखा असल्यास सुकाणूवर एका बाजूची ओढ जाणवते.

सुरक्षिततेचा प्रश्न

खरा वाद येथेच आहे. समजा, एका सफरीत एक इंजिन बंद पडण्याची संभाव्यता 2 टक्के आहे. हा आकडा केवळ स्पष्टीकरणासाठी घेतला आहे. दोन इंजिने परस्परांपासून पूर्णतः स्वतंत्र असतील, तर दोन्ही बंद पडण्याची संभाव्यता 0.04 टक्के, म्हणजे पन्नासपट कमी होते. जोडीवरील विश्वासाचा पाया हाच होय. परंतु व्यवहारात दोन्ही इंजिने अनेकदा एकाच टाकीतून इंधन घेतात. टाकीत पाणी शिरले किंवा इंधन दूषित झाले, तर दोन्ही एकाच वेळी थांबतात. बिघाडांपैकी निम्मी कारणे अशी सामाईक आहेत असे मानल्यास दोन्ही बंद पडण्याची संभाव्यता सुमारे 1 टक्का होते. पन्नासपट वाटणारी सुरक्षितता प्रत्यक्षात दुपटीवर येते. त्याच वेळी दोहोंपैकी किमान एक बिघडण्याची शक्यता मात्र एका इंजिनाच्या तुलनेत वाढलेलीच राहते आणि देखभालीचा खर्चही दुप्पट होतो.

शिवाय एक इंजिन चालू असले, तरी बोट पूर्वीच्या वेगाने परत येईलच असे नाही. पंख्याची निवड दोन्ही इंजिने एकत्र चालतील हे गृहीत धरून केलेली असते. एकट्या इंजिनावर बोट बहुधा पाण्यावर उचलली जात नाही. तिला संथ गतीनेच परतावे लागते.

ही संथ गतीच स्वीकारावयाची असेल, तर 10 ते 15 अश्वशक्तीचे लहान साहाय्यक इंजिन पुरेसे ठरू शकते. मात्र त्याची इंधनाची टाकी वेगळी हवी आणि ते दोरी ओढून, म्हणजे बॅटरीशिवाय, सुरू होणारे हवे. ताशी 5 सागरी मैल वेग धरल्यास 20 सागरी मैलांवरून परतण्यास 4 तास लागतील. शांत हवेत हे मान्य होण्यासारखे आहे. जोराचा वारा, ओहोटीचा प्रवाह किंवा खडकाळ किनारा असलेल्या ठिकाणी मात्र लहान इंजिन अपुरे पडते. तेथे स्वतंत्र टाक्या व स्वतंत्र बॅटऱ्या असलेली जोडीच योग्य होय.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, जुन्या मध्यम बोटीस एकच आधुनिक इंजिन वजन व इंधनखर्च या दृष्टींनी बहुधा अधिक अनुकूल असते. परंतु ट्रान्समची तपासणी व दांड्याची योग्य लांबी या त्याच्या पूर्वअटी आहेत. सुरक्षिततेचा निर्णय इंजिनांच्या संख्येवरून करता येत नाही. ती यंत्रणांच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असते. मालवण-तारकर्ली परिसरात पर्यटकांना समुद्रात नेणाऱ्या आउटबोर्ड बोटींनाही हाच विचार लागू पडतो. बोटीच्या मागे इंजिने किती आहेत हे प्रवाशाला दिसते; ती एकाच टाकीवर चालतात की वेगवेगळ्या, हे त्याला दिसत नाही. ते पाहण्याची जबाबदारी बोट चालविणाऱ्यावरच येते.