भिंतीवरचं घडीचं टेबल : आधी भिंत, मग फळी

आज भिंतीला लावायचं घडीचं टेबल. नोएडा-गुरुग्राम काय किंवा ठाणे-पिंपरी काय, दोन खोल्यांच्या घरात चौघांचं टेबल मांडलं की चालायला वाट उरत नाही. तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी भिंतीलगत मिटून राहिली, तर तीच जागा दिवसभर मोकळी. सुट्टीच्या एका दिवसाचं काम आहे.

बहुतेक लोक सुरुवात प्लायवूडच्या दुकानापासून करतात. माझं म्हणणं, आधी भिंतीची रेकी करा. असलं टेबल मोडत नाही, भिंतीतला स्क्रू उपटून येतो. आणि तो येतो तेव्हा टेबलावर गरम चहा असतो, खाली नातू खेळत असतो.

हिशेब सोपा आहे. फळी भिंतीपासून 45 सेंटिमीटर पुढे येते. ब्रॅकेटची भिंतीवरची पट्टी आखूड, समजा वरचा स्क्रू पट्टीच्या खालच्या टोकापासून 15 सेंटिमीटरवर आहे. घरातले आजोबा उठताना टेबलाच्या कडेवर हात टेकणार, ते काही आपण थांबवू शकत नाही. त्यात 40 किलोचा भार सहज पडतो. पहारीने दगड उचकटावा तसं होतं : पट्टीचं खालचं टोक भिंतीवर टेकतं आणि वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. 40 गुणिले 45 भागिले 15, म्हणजे 120 किलोची ओढ. दोन ब्रॅकेट असतील तर प्रत्येकी 60. तेच अंतर 30 सेंटिमीटर केलं की ओढ निम्मी. म्हणून लांब पट्टीचे ब्रॅकेट घ्या. दुकानदार त्याच्या ब्रॅकेटची क्षमता छातीठोकपणे सांगेल, पण ती लोखंडाची क्षमता, तुमच्या भिंतीची नव्हे.

आता भिंत ओळखायची. ड्रिलने एक छोटं भोक पाडा आणि भुकटी बघा. लाल असेल तर वीट. करडी असेल आणि ड्रिल अडून बसत असेल तर काँक्रीट, म्हणजे नशीब चांगलं. पांढुरकी, पिठासारखी भुकटी पडत ड्रिल लोण्यात शिरावं तसं आत गेलं, तर ते एएसी ब्लॉक, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले हलके ठोकळे. इकडच्या नव्या टॉवरमध्ये ते सर्रास असतात. वाजवल्यावर पोकळ आवाज आला तर तिथे जाऊच नका. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि बाजूलाही भोक पाडायचं नाही; वायर तिथूनच गेलेली असते.

स्क्रू धरून ठेवतो तो प्लग. ही युक्ती जॉन रॉलिंग्ज या इंग्रज ठेकेदाराची, 1911 च्या सुमाराची. ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती फार न खणता विजेची उपकरणं बसवायची होती. त्याच्या रॉलप्लगचा आपल्याकडे रावल प्लग झाला. दिल्लीत मात्र त्याला ‘गिट्टी’ म्हणतात. आमच्या विदर्भातल्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर खडीच्या दुकानाचा पत्ता मिळायचा! स्क्रू आत शिरताना प्लग फुगतो आणि भोकाच्या कडांना घट्ट धरतो. मात्र वरचा 12 ते 20 मिलिमीटरचा गिलावा पकडीत मोजू नका. प्लग त्याच्या पलीकडे, विटेत बसला पाहिजे, दोन विटांच्या सांध्यात नव्हे.

एएसीमध्ये साधा प्लग फुगताना ठोकळाच चुरतो. त्यासाठी रुंद पात्यांचे खास नायलॉन प्लग मिळतात आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा. पलीकडची खोली आपलीच असेल तर भिंतीतून आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी, हे त्याहून भक्कम.

फळीचं फार कौतुक नको. 19 मिलिमीटरचं बीडब्ल्यूआर प्लायवूड पुरे. कीर्तीनगरच्या बाजारात मापाने कापून मिळतं. सनमायका मात्र दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला, तर मे महिन्याचा कोरडेपणा आणि ऑगस्टची दमट हवा मिळून फळीला बाक आणतात. उंची जमिनीपासून 75 सेंटिमीटर. ब्रॅकेटला आपोआप अडकणारा खटका हवाच, त्यावर पैसे वाचवू नका.

घरात वयस्कर माणूस असेल, किंवा भिंत एएसीची असेल, तर पुढच्या कडेला बिजागरीवर मिटणारा पाय लावाच. दिसायला थोडं जुनाट दिसेल, दिसू दे. कडेवरचा भार मग सरळ जमिनीत उतरतो, वरच्या स्क्रूवर जवळजवळ काही राहत नाही.

वापरण्याआधी चाचणी. प्लगवर भरवसा ठेवणार असाल तर ती पाय मिटूनच घ्या. 20 लिटरचे पाण्याचे दोन भरलेले जार कडेला ठेवा, म्हणजे 40 किलो झाले. मुलांना खोलीबाहेर ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी ब्रॅकेटच्या वरच्या टोकाशी, पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवून बघा. आत गेलं, तर तो स्क्रू काढून प्लग बदला आणि पुन्हा जार ठेवा.