जीर्णोद्धारात बिघडणारा आवाज

दीपनगरपासून धुळ्यापर्यंतच्या खानदेशी मुलखात ज्या देवळाच्या सभामंडपाला चुन्याचा गिलावा, लाकडी तुळया आणि मातीचे धाबे होते, तेथे जीर्णोद्धाराच्या नावाने सिमेंटचा स्लॅब आणि गुळगुळीत टाइल्स आल्या, की वर्गणीदार संतुष्ट होतात; परंतु पहिल्याच कीर्तनात बुवांचा एक शब्द विरण्यापूर्वी दुसरा त्यावर येऊन आदळतो आणि श्रोत्यांच्या पदरी केवळ घुमारा पडतो. मग अंदाजपत्रकात मोठ्या कर्ण्याची तजवीज होते आणि मामला अधिकच बिघडतो.

या बाबीचा शास्त्रशुद्ध उलगडा १८९५ पासून हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने केला. तेथील फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे. सॅबिनने सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री वाहून आणल्या, त्या कमीअधिक मांडून घुमारा मोजला आणि सिद्ध केले, की हा काळ दालनाच्या घनफळाच्या सम आणि त्यातील ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. भाषणाला साधारण एक सेकंद पुरतो, वाद्यवृंदाला जवळजवळ दुप्पट लागतो. खरबरीत चुना, माती व कापड आवाज शोषतात, पोकळीवर बसवलेली पातळ फळी खर्ज गिळते. टाइल्स मात्र जवळजवळ सगळाच परत फेकतात. प्रेक्षकही उत्तम शोषक असल्यामुळे पडलेल्या नाटकाचे संवाद अधिक घुमतात, हा न्याय की अन्याय कोण जाणे!

शाहू महाराजांच्या कारकिर्दीत १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, आगीत सापडले. कर्णा नसलेल्या काळात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पद ऐकू जावे, ही ज्या रंगभूमीची गरज होती, तिची वास्तू पूर्ववत करायची, तर दर्शनी भाग जुळवून भागत नाही. छताचे लाकूड, त्यामागची पोकळी, गिलाव्याची जाडी, खुर्च्यांचे अस्तर यांचाही हिशेब मांडावा लागतो. त्यात अग्निसुरक्षेचे नियम उघड्या कापडाला व लाकडाला आडवे येतात. तेव्हा न जळणारी खनिज लोकर सच्छिद्र फळ्यांमागे दडवणे हा मार्ग उरतो. वातानुकूलनाचा हवामार्ग रुंद ठेवून वारा संथ खेळवला नाही, तर त्याची घरघर नटाचे कुजबुजते वाक्य खाऊन टाकते. आणि माझ्या मते, काटकसरीची कात्री प्रथम येथेच चालते.

गावच्या विश्वस्तांना एवढा खटाटोप परवडत नाही, हे खरे. पण पाडकामाची मंजुरी देण्यापूर्वी रिकाम्या मंडपात फुगा फोडून तो आवाज विरेपर्यंतचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे आणि छताखाली लाकूड, मागच्या भिंतीवर चुना, एवढे तरी राखावे. टाइल्स हव्याच असतील, तर त्या कमरेच्या उंचीपर्यंत लावाव्यात.