‘तू’, ‘तुम्ही’ आणि जर्मन भाषा

नर्सिंग झालेल्या लेकीला जर्मन शिकवावं का, हा प्रश्न हल्ली गटाच्या बैठकीत येऊ लागला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि जर्मनीचं नाव गावोगावी पोचलं. क्लासच्या फीसाठी गटाकडे कर्जाची मागणी येते. म्हणून त्या वर्गात मुली काय शिकतात, ते आज समजून घेऊ.

सुरुवातीला मराठी मुलीला बरं वाटतं. आपल्यासारखीच तिथेही तीन लिंगं आहेत. एकवीस म्हणताना आपण आधी एक आणि मग वीस म्हणतो, जर्मन माणूसही ‘एक आणि वीस’ असंच म्हणतो. निरोप घेताना आपण ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतो. त्यांच्या ‘आउफ वीडरझेन’चा अर्थही ‘पुन्हा भेटेपर्यंत’ असाच आहे.

पण काही ठिकाणी ठेच लागते. ‘हाल्ब त्सेन’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा दहा’. आपल्याला वाटेल साडेदहा, पण त्याचा अर्थ आहे साडेनऊ, म्हणजे दहाच्या दिशेने अर्धा तास झाला. साडेनऊचं औषध साडेदहाला दिलं तर काय होईल, विचार करा. चहाचंही तसंच. कुणी विचारल्यावर नुसतं ‘डांके’, म्हणजे धन्यवाद म्हटलं, तर बहुधा ‘नको’ असा अर्थ होतो. हवा असेल तर ‘या, बिट्टे’ म्हणायचं. आपल्याकडे पाहुणी दोनदा ‘नको’ म्हणते आणि तिसऱ्यांदा कप हातात घेते. तिथे पहिल्या ‘नको’नंतर सहसा आग्रह होत नाही. यात कंजूषपणा नाही. तुमचा शब्द खरा मानला, एवढंच.

सगळ्यात मोठा फरक मान देण्यात आहे. जर्मनमध्ये ‘तू’ला ‘डू’ आणि ‘तुम्ही’ला ‘झी’ म्हणतात. आईवडील, आजीआजोबा, मित्रमैत्रिणी आणि देव यांना ‘डू’. आपणही आईला आणि विठ्ठलाला ‘तू’च म्हणतो ना! पण आपल्याकडे वयाने मोठा माणूस अनोळखी तरुण मुलीला सहज ‘ए, तू इकडे ये’ म्हणतो आणि ती त्याला ‘तुम्ही’ म्हणते. जर्मनीत अनोळखी प्रौढ माणसं एकमेकांना ‘झी’ म्हणतात. ऐंशी वर्षांची आजारी बाई बावीस वर्षांच्या नर्सलाही ‘झी’ म्हणते. ‘डू’ म्हणू या का, हे सहसा वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस विचारतो आणि मग दोघंही तसं म्हणतात.

नातं जोडण्याची आपली सवय तिथे आवरावी लागते. दवाखान्यातल्या म्हाताऱ्या बाईला आपण मायेने ‘आजी’ म्हणतो. तिथे ओळख नसताना आजी म्हटलं तर तिला कमीपणा वाटू शकतो. तिला ‘फ्राउ’ म्हणजे श्रीमती लावून आडनावाने हाक मारायची. माया करायचीच, पण ती हाकेत न दाखवता कामात दाखवायची.

आता पैशांचं. या भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत. नर्स म्हणून तिथे पूर्ण मान्यतेसाठी साधारणपणे बी-टू, म्हणजे चौथी पायरी लागते. ती महिना-दोन महिन्यांत होत नाही. म्हणून कर्ज देण्याआधी गटाने तीन प्रश्न विचारावेत: फी कोणत्या पायरीपर्यंतची आहे? परीक्षा कोण घेणार आणि ते प्रमाणपत्र तिकडे चालतं का? नापास झाल्यास पुन्हा बसण्याचा खर्च कोणाचा? पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात अशा परीक्षा होतात, तिथे चौकशी करता येते. ‘भाषा नंतर बघू, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा.

आणि एक काम घरच्या घरी करता येईल. लेक अभ्यासाला बसली की तिला मधेच पाणी आणायला उठवू नका. रोज एक तास तिचा स्वतःचा असू द्या. बावीस वर्षांच्या मुलीलाही मान देतात, हे ती वर्गात शिकतेच आहे. घरातही तिला तो मिळू द्या.

येते मैत्रिणींनो, नमस्कार!