एक तास आणि एक कार्ड

सकाळी ९:००

मॉल अकराला उघडतो, आमच्या गेम झोनचं शटर नऊलाच अर्धं वर जातं. जुलैचा रविवार, रात्रभर पाऊस. म्हणजे सोसायट्यांच्या बागांत चिखल, घसरगुंड्यांवर पाणी, आणि दुपारपासून पुण्याचं निम्मं वाकड-बाणेर आमच्या दारात. कपड्यांच्या दुकानांचा सीझन दिवाळीत असतो, आमचा मे महिन्यात आणि पावसात. मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्या की इथे मशिनं एकटीच गाणी म्हणत बसतात.

जागेचे भाग दोन. डावीकडे मशिनं: बास्केटबॉल, कार रेसिंग, एअर हॉकी, खेळणी उचलणारे क्लॉ. उजवीकडे सॉफ्ट प्ले: जाळी लावलेला तीन मजली डोलारा, बोगदे, घसरगुंड्या, बॉल पिट आणि अगदी लहानग्यांचा वेगळा कोपरा. मध्ये एक छोटं गेट, बूट ठेवायचे कप्पे आणि आईबापांसाठी खुर्च्या. मी इथला फ्लोअर मॅनेजर. दिवसातला निम्मा वेळ त्या गेटपाशीच उभा असतो.

पहिली फेरी मात्र मागच्या दाराकडे. २५ मे २०२४ ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनला आग लागली, त्यात लहान मुलांसह २७ जण गेले. आत वेल्डिंग चालू होतं, जवळ इंधनाचा साठा होता, अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र नव्हतं. तेव्हापासून या धंद्यात आगीचा विषय निघाला की कुणी हसण्यावारी नेत नाही. दार आतून ढकलल्यावर उघडतं का, जिन्यात काही ठेवलंय का, बाण दाखवणारा हिरवा दिवा लागतोय का, हे बघूनच पुढे. दाराशी बक्षिसांचं खोकं दिसलं तर आधी ते हलवायचं, मग नमस्कार-चमत्कार. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीने यंत्रणा तपासून द्यायचा ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा लागतो, जानेवारीत आणि जुलैत. एजन्सीचा माणूस उद्या येणार आहे, म्हणून आज सिलिंडरचे काटेही बघून घेतले.

९:४५

आता उजवी बाजू, आणि तीही रांगत. उभं राहून सॉफ्ट प्ले तपासता येत नाही. बाहेरून सगळं रंगीत आणि मऊ दिसतं, पण आत लोखंडी पाइप असतात, त्यांच्यावर फोमच्या नळ्या आणि सगळी जाळी बांधलेली असते केबल टायने. टायचं कापलेलं टोक बाहेरच्या बाजूला असलं तर ठीक. कुणा पोराने ओढून ते आत वळवलं की दुसऱ्याच्या गालावर ओरखडा ठरलेला. म्हणून बोगद्यातून जाताना हात भिंतीवरून फिरवत जायचं. आज दुसऱ्या मजल्यावर एक टोक लागलं. पकडीने कापलं, वर चिकटपट्टी लावली.

बॉल पिट सफाईच्या मावशींकडे. रोज सगळे चेंडू धुणं शक्य नसतं, म्हणून एकेक वाटा जाळीच्या पोत्यात भरून साबणाच्या पाण्यातून काढतात. पावसाळ्यात खरी कटकट वाळवण्याची. ओलसर चेंडू परत टाकले तर दोन दिवसांत कुबट वास मारतो, त्यामुळे मागच्या खोलीत पंखे लावून पोती टांगलेली असतात. पिटच्या तळाशी काय काय निघतं! आज एका पायाचा मोजा, दोन रबरबँड, अर्धं खाल्लेलं बिस्कीट, कानातला एक डूल आणि दुधाचा दात. दात मावशींनी कागदाच्या पुडीत बांधून काउंटरवर ठेवला. “बघा, आई विचारत येईल,” म्हणाल्या. कालच्याच एका आईचा फोन आला होता म्हणे.

११:१०

गेट उघडलं. इथल्या कामाचा क्रम ठरलेला: उंची बघा, बूट कप्प्यात, पायात ग्रिप सॉक्स, मनगटाला पट्टी. पट्टीवर मुलाचा आणि सोबत आलेल्या मोठ्या माणसाचा नंबर एकच. बाहेर पडताना दोन्ही नंबर जुळले तरच मूल सोडायचं, मग समोर प्रत्यक्ष आजी का उभी असेना. “अहो, मी सख्खी आजी आहे त्याची!” हे दर रविवारी ऐकू येतं. “हो आजी, दिसतंय. तेवढी पट्टी दाखवा.”

सॉक्सवरून होणारा वाद तर नेमाचाच. “घरी चार जोड पडलेत हो तुमचेच!” तळव्याला रबराचे ठिपके नसलेला साधा मोजा फोमच्या पायरीवर सरळ घसरतो, म्हणून सूट नाही. घरचे आणलेत तर चालतात. पण आणत कुणी नाही.

पाऊण तासाने एक ताई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. त्याच्या तळहातांवर बारीक लाल पुरळ होतं, ओठाच्या कडेलाही दोन फोड. पावसाळ्यात लहान मुलांत ‘हँड-फूट-माउथ’ची साथ येते आणि बॉल पिटसारखी जागा तिला फारच सोयीची. मी निदान करू शकत नाही, ते माझं कामही नाही. एवढंच म्हणालो, “ताई, आज नको. डॉक्टरांना दाखवा, पैसे आत्ता परत करतो.” त्या चिडल्या, आणि मूल रडायला लागलं म्हटल्यावर चिडणं साहजिकच होतं. मागच्या रांगेतल्या दोघी-तिघी मात्र आपापल्या मुलांचे हात उलटसुलट करून बघायला लागल्या.

१२:३०

जेवणाची वेळ, झोन रिकामा. शनिवार-रविवारी कामाला येणारी कॉलेजची दोन नवी मुलं आहेत, त्यांना घेऊन बसतो. मशीन चालू-बंद कसं करायचं ते टेक्निशियन शिकवेल. मशिनं आणि सॉफ्ट प्ले ही दोन दुकानं एका छताखाली का आली, ते मी सांगतो.

१९७२ मध्ये अमेरिकेत अटारी कंपनीने ‘पाँग’ आणला आणि नाणं टाकून खेळायचे व्हिडिओ गेम पसरले. त्याच वर्षी कॅनडात टोरांटोच्या ओंटारिओ प्लेसमध्ये एरिक मॅकमिलन या डिझायनरने मुलांसाठी ‘चिल्ड्रन्स व्हिलेज’ उभारलं: चढायच्या जाळ्या, उड्या मारायच्या मऊ गाद्या. बॉल पिटचं श्रेयही त्यांनाच दिलं जातं. दोन्ही वाटा वेगळ्या होत्या. मशिनं असायची बारमध्ये आणि बोलिंगच्या अड्ड्यांवर, जिथे पोरांना घेऊन कुणी जात नसे. मग १९७७ मध्ये अटारीच्याच नोलन बुशनेल यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला पिझ्झाचं दुकान काढलं, पुढे ‘चक ई. चीज’ म्हणून गाजलं ते. आत गाणारे यांत्रिक प्राणी आणि मशिनं. हिशेब साधा होता: पिझ्झा भाजायला वेळ लागतो, तेवढ्यात घरचे सगळे खेळून घेतात.

“मग आपल्याकडे पिझ्झा कुठाय?” एकाने विचारलं.

“आपल्याकडे भट्टीच्या जागी धाकटं भावंड आहे.”

दोघं हसले. संध्याकाळी कळेल म्हटलं.

तेवढ्यात हेड ऑफिसचा मेल. रविवारीही येतात. चौरस फुटामागे उत्पन्न बघता मशिनं सॉफ्ट प्लेच्या फार पुढे आहेत, तेव्हा लहानग्यांचा कोपरा काढून तिथे चार नवी मशिनं बसवावीत का? अभिप्राय आजच कळवावा.

२:००

पार्टी रूममध्ये सहाव्या वाढदिवसाची तयारी. फुगे, समोसे, केक, मोठ्या आवाजात गाणी. इथे माझी अट एकच: आधी खेळ, मग केक. उलट झालं की काय होतं ते घसरगुंडीखालची गादी पुसणाऱ्या मावशींना विचारा.

४:३०

आता खरा रविवार. दाराबाहेर रांग, आतल्या मुलांची संख्या मर्यादेला टेकलेली, त्यामुळे एक बाहेर पडलं की एक आत.

इथे एकाच वेळी दोन प्रकारची विक्री चालते. उजवीकडे आम्ही वेळ विकतो: पट्टी बांधली की एक तास. डावीकडे डाव विकतो: कार्ड मशीनच्या रीडरला टेकवलं की पैसे वजा. आता घर घ्या, बहुतेक घरांसारखं: थोरला अकरा वर्षांचा, धाकटी चारची. धाकटीचा तास सुरू झाला. थोरल्याने कार्डावरचे पैसे वीस मिनिटांत उडवले. तो आईपाशी येऊन उभा. “आई, अजून दोनशे.” “पुरे आता, बस इथे.” धाकटी अजून चाळीस मिनिटं बाहेर यायची नाही. ती चाळीस मिनिटं हाच आमचा धंदा, आणि आमची परीक्षासुद्धा.

कारण या वेळात थोरला कंटाळला तर तो उजव्या बाजूला घुसतो. चाळीस किलोचा मुलगा घसरगुंडीवरून सुसाट आला आणि खाली चार वर्षांची उभी असली तर पुढचं सांगायला नको. म्हणून उंचीची पट्टी, आणि म्हणून गेटवर नेहमी माझा सगळ्यात खमका माणूस. दुसरीकडे, त्याला पुन्हा पुन्हा कार्ड भरायला लावलं तर बापाच्या कपाळावर आठी चढते आणि ते घर पुढच्या महिन्यात दुसऱ्या मॉलला जातं. यावर उतारा म्हणून इतर वारी आम्ही तासाचं कार्ड देतो: एका रकमेत तासभर वाट्टेल तितकं खेळा, फक्त तिकिटं देणारी मशिनं सोडून. रविवारी ते देत नाही, कारण मग कार रेसिंगच्या सीटवरून कुणी उठतच नाही.

पाचच्या सुमारास एका बाबांचा आवाज वाढला, मुलगी दिसत नव्हती. मी आधी गेट बंद केलं, मग शोधाशोध. पट्टी जुळल्याशिवाय कुणी बाहेर जात नाही, त्यामुळे ती आतच असणार हे नक्की होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बोगद्यात दुसऱ्या मुलीसोबत भातुकली मांडून बसली होती, चेंडूंचे लाडू. “बाबा, थांबा ना, पंगत उठायचीय अजून.”

६:१५

एअर हॉकीची चकती अडखळायला लागली. टेबलाच्या पृष्ठभागावर बारीक भोकं असतात, खालच्या ब्लोअरची हवा त्यातून वर येते आणि चकती त्या पातळ थरावर तरंगते. धूळ आणि केस भोकांत बसले की तिथे हवा नाही, मग चकती खडूसारखी खरवडत जाते. टेक्निशियनने टेबल बंद केलं, टाचणी घेतली आणि कोपऱ्यापासून एकेक भोक मोकळं करत सुटला. त्याच्या आजूबाजूला सात-आठ पोरं जमली. त्यातल्या एकाने विचारलं, “दादा, मी टोचू?” त्याने एक ओळ त्याच्या हवाली केली. मग काय, प्रत्येकाला एक ओळ! टेबल अर्ध्या वेळात तयार.

क्लॉ मशीनपाशी वेगळंच. “हे मुद्दाम सैल ठेवता ना?” एका तरुणाचा सवाल. पंज्याची पकड किती घट्ट ठेवायची याची सेटिंग मशीनमध्ये असते, हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही. पण अगदीच सैल ठेवली तर काचेआडचं अस्वल महिनोन्महिने तसंच बसून राहतं, आणि ते बघून शहाणा माणूस पैसे टाकत नाही. खेळणी निघताना दिसली पाहिजेत. दुसऱ्याच्या हातातलं अस्वल हीच आमची जाहिरात.

७:४५

बक्षिसांच्या काउंटरवर झुंबड. तिकिटं आता कागदी निघत नाहीत, कार्डावर जमा होतात. थोडी असली तर खोडरबर, शार्पनर, उसळता चेंडू. हजारांत गेली की बोर्ड गेम, हेडफोन आणि वरच्या फळीवर रिमोटची जीप.

एक मुलगा, असेल आठवीतला, वडिलांसोबत आला. कार्ड टेकवलं: ३,८४०. जीप ६,००० ला.

“बाकीची पुढच्या वेळी?” त्याने विचारलं.

“कार्डावर राहतात. हरवू नकोस फक्त.”

वडील हसून म्हणाले, “साहेब, आजवर जेवढे घातलेत त्यात तुळशीबागेतून अशा दोन आणल्या असत्या.”

“आणल्या असत्यात,” मी म्हणालो. काउंटरच्या आत उभं राहून खोटं बोलण्यात अर्थ नसतो. हिशेब त्यांनाही येतो.

मुलगा मात्र त्यात नव्हताच. “बाबा, बास्केटबॉलला तीस बास्केट झाल्या की बोनस आहे. मी अठ्ठावीसपर्यंत जातो. डावा हात सुधारला की झालं.” त्याने कार्ड परत खिशात घातलं. तेवढ्यात पलीकडच्या गेटमधून धाकटा भाऊ घामाघूम बाहेर आला, एकाच पायात मोजा. वडिलांनी हातातली पट्टी दाखवली, नंबर जुळले. धाकट्याने जीपकडे बोट केलं. थोरला म्हणाला, “आपली आहे ती. अजून थोडे दिवस तिथे ठेवलीय.”

९:३०

शेवटचा तास संपत आल्याची घोषणा. मोठी मशिनं बंद करायला हरकत नसते, पण बॉल पिटमधून मूल काढायला आईबापांना वीस मिनिटं लागतात. म्हणून घोषणा वीस मिनिटं आधी, आणि उजव्या बाजूलगतच्या मशिनांचा आवाज आधी कमी. गोंगाट ओसरला की लहान मुलंही नरमतात, हे मावशींनी शिकवलं.

१०:१५

रोकड, यूपीआय आणि कार्डांचा ताळा जमला. आता हेड ऑफिसला उत्तर. चौरस फुटाचा आकडा त्यांचा बरोबर आहे. पण बिलं उलगडून बघितली की दिसतं, कार्ड दुसऱ्यांदा भरलं जातं ते बहुतेक वेळा त्याच बिलावर पट्टीही चालू असते तेव्हा. धाकटी आत आहे म्हणूनच थोरला बाहेर खेळतोय. कोपरा काढलात तर चार वर्षांच्या मुलीसोबत तिचा भाऊही येणार नाही आणि नवी चार मशिनं रिकाम्या हॉलमध्ये गाणी म्हणतील.

म्हणून कळवलं: कोपरा राहू द्या. खुर्च्या गेटला आणखी खेटून लावू, म्हणजे आईला दोन्हीकडे लक्ष ठेवता येईल. आणि मशीन द्यायचंच असेल तर एअर हॉकीचं दुसरं टेबल द्या. त्यातून एकही तिकीट निघत नाही, बक्षिसाचा खर्च शून्य. आज भोकं साफ झाल्यापासून बंद होईपर्यंत त्यावर बाप विरुद्ध मुलगी, आई विरुद्ध मुलगा असेच सामने लागले होते, आणि हरणारा प्रत्येक जण स्वतःच्याच खिशातून पुन्हा कार्ड भरून आला.