पांढऱ्या थराचा हिशेब

गीझर दुरुस्त करणाऱ्याने कॉइल काढून वर्तमानपत्रावर ठेवली, तेव्हा ती कॉइल आहे हे त्याला सांगावं लागलं. दिसत होती फक्त अंगठ्याएवढी जाड, खरखरीत, पांढुरकी कांडी. दीड वर्षात दुसऱ्यांदा हे घडत होतं. "ताई, गीझर बदलून काही होणार नाही," तो म्हणाला, "पाणी बोअरचं आहे ना?"

पाण्याला क्षार आहे, हे शहराच्या कडेला या घरात राहायला आल्यापासून रोज कुणी ना कुणी बोलतं. पण तोवर मी घरातली प्रत्येक कुरकुर वेगळी धरत होते. शॉवरची भोकं बुजली की नवा शॉवर. टॉवेल कडक झाले की वेगळी पावडर. डाळ शिजली नाही की दुकानदाराला बोल. चहावर तवंग आला तर दुधाचा संशय. खर्च पाच ठिकाणी होत होता आणि कारण एकच होतं, हे ती कांडी पाहिल्यावर कळलं.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणत, म्हणजे ज्यात साबणाचा फेस होत नाही असं. पावसाचं पाणी मातीतून खाली जाताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि वाटेतल्या खडकांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून आणतं. धरणात साठलेल्या पाण्याला हा प्रवास फारसा घडत नाही, म्हणून ते बहुधा हलकं असतं. खोल बोअरच्या पाण्याला तो पुरेपूर घडलेला असतो. विरघळलेले बायकार्बोनेट दिसत नाहीत. पाणी तापलं की मात्र वायू निघून जातो आणि उरतो कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच. सगळ्यात गरम असते ती कॉइल, म्हणून तो आधी तिच्यावरच बसतो. थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही, कॉइल आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस जळते. साठ अंशांच्या पुढे थर झपाट्याने वाढतो. त्यामुळे गीझरचा काटा पन्नास-पंचावन्नवर आणणं हा बिनपैशाचा पहिला उपाय. आंघोळीला त्याहून गरम पाणी लागतही नाही, आपण त्यात गार पाणी मिसळतोच.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात या दुष्फेनपणाची, म्हणजे कठीणपणाची, इष्ट मर्यादा खडूच्या हिशेबात लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. मधला, ४०० चा आकडा धरू. वीस लिटरच्या बादलीत आठ ग्रॅम खडू झाला. त्या बादलीत साबण विरघळवून कपडे भिजवायचे असतील, तर रासायनिक हिशेबाने जवळजवळ पन्नास ग्रॅम साबण फेस येण्याआधीच कॅल्शियमशी जोडला जाऊन वाया जातो. बादलीच्या कडेला बसणारा करडा, चिकट साका म्हणजे हाच साबण. कपड्यांत अडकून तोच टॉवेल कडक करतो.

धुण्याचा सोडा हेच काम दहाएक ग्रॅममध्ये करतो. बादलीत आधी सोडा विरघळवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग साबण घालायचा. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो आणि साबणाला मळाकडे जायला मोकळा करतो. लोकर आणि रेशीम यांपासून मात्र तो दूर ठेवावा. आणि जुन्या बायका न्हायला शिकेकाई, रिठा का धरून बसल्या होत्या, त्याचंही एक कारण इथे सापडतं. त्यांच्यातला फेस साबणाचा नसतो, त्यामुळे जड पाण्यात त्याचा साका होत नाही.

डाळीचं दुःख मला सगळ्यात जवळचं आहे, कारण त्यात गॅस जातो आणि जेवणही बिघडतं. पाच शिट्ट्या झाल्या तरी पाणी वर, डाळ खाली, वरण एकजीव होत नाही. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात. शिजताना ते विरघळायला हवं, पण पाण्यातलं कॅल्शियम त्याला आवळून धरतं. आंबटही तेच करतं, म्हणून चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालायची ही घरातली शिस्त अगदी बरोबर आहे. डाळ जुनी असली तरी ती लवकर शिजत नाही, तेव्हा आधी परीक्षा घ्यावी: तीच डाळ, तेवढंच पाणी, पण एकदा बोअरचं आणि एकदा आरओ फिल्टरचं. आमच्याकडे तेवढ्यावरच दुकानदार निर्दोष ठरला. आता भिजवायला आणि शिजवायला मिळून लिटरभर आरओचं पाणी घेते. ते नसेल तर पाणी उकळून, निवळू देऊन, वरचं अलगद ओतून घ्यावं. उकळीने कठीणपणाचा तात्पुरता भाग खाली बसतो. त्यात गॅस जातो हे खरं, म्हणून हे रोज करू नये. चिमूटभर खाण्याच्या सोड्यानेही डाळ मऊ होते, पण त्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. मी तो फक्त राजम्यासारख्या हट्टी कडधान्यासाठी ठेवला आहे.

माझ्या कोकणातल्या आजोळी पहिले दोन-तीन पाऊस जाऊ दिले की पागोळ्यांखाली हंडे लागत. त्या पाण्यात डाळ लवकर शिजते, असं आजी म्हणायची. जमिनीला न लागलेलं पाणी, त्यात कॅल्शियम येणार कुठून?

बसलेला थर काढायचा तर आम्ल हवं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल त्याला पुरतं. किटलीत लिटरभर पाणी, दोन चमचे लिंबूफूल, एक उकळी आणि अर्धा तास विश्रांती. शॉवरची चकती आणि नळाच्या तोंडाची जाळी काढून याच पाण्यात बुडवावी. पाणी तापवण्याचा रॉड प्लगमधून काढून, फक्त तापणारा भाग भिजवावा. कुकरच्या तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल टाकायची सवयही अशीच कामाची; थर धरत नाही आणि ॲल्युमिनियम काळं पडत नाही.

तीन गोष्टी मात्र कळकळीने सांगते. बाथरूम धुण्याचं तीव्र ॲसिड नळांवर ओतू नका. थराबरोबर नळाची चकाकीही जाते. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर लिंबू, व्हिनेगरसुद्धा नको, कारण ती फरशी स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. डाग जाईल आणि त्या जागी खड्डा पडेल. आणि कोणतंही आम्ल ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळू नका; मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

आता खरेदीविषयी. तुरटी गढूळपणा खाली बसवते, क्षार कमी करत नाही. पाइपला बाहेरून बसवायच्या चुंबकाने पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. मी त्यावर पैसे घालणार नाही. सॉफ्टनर खरंच काम करतो, पण कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो आणि त्याला नियमित मीठ लागतं. तो सोसायटीने मिळून घ्यावा, एकेका घराला परवडणं कठीण. आरओ बरंच पाणी बाहेर टाकतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, पाण्यात विरघळलेले घटक लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणण्याचे निर्देश दिले होते, त्यामागे ही नासाडीही होती. बाहेर पडणारं पाणी शौचालयात वापरावं. कुंड्यांना रोज घालू नये, मातीत क्षार साठतात.

विक्रेता दाखवतो ते टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेल्या घटकांचा अंदाज करतं. कठीणपणा किती आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्लोराइड, नायट्रेट किती, हे त्यातून कळत नाही. पांढरा थर घर खर्चात घालतो, पण जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने मर्यादा ठरवलेली नाही. फ्लोराइडचं तसं नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या गावांनी ते दातांवर आणि हाडांवर सोसलं आहे. म्हणून बोअरचं पाणी एकदा तरी प्रयोगशाळेत तपासून घ्यावंच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा राज्यात आहेत.

आमच्या इमारतीत सगळ्यांनी मिळून ती तपासणी करून घेतली. अहवाल जिन्याजवळच्या फळ्यावर लावला आहे, आणि त्याखाली तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेनने लिहिलंय: "सोडा आधी, साबण नंतर. गीझर पन्नासवर."