झेंडा पनामाचा, मग कायदा कोणाचा?

पाली, उत्तन, चौक ही भाईंदरच्या पश्चिमेची मासेमारीची गावं. समजा, इथला एखादा मुलगा घरची बोट सोडून व्यापारी जहाजावर निघाला. हातात पडलेल्या करारात मालक कंपनी एका देशाची, झेंडा पनामाचा, भरती करणारा एजंट मुंबईचा आणि पगार डॉलरमध्ये. उद्या पगार थकला तर कायदा कुठला लागणार? या प्रश्नाची उत्तरं फार ठामपणे दिली जातात आणि त्यातली बरीचशी चुकीची असतात.

पहिलं उत्तर असं: ‘सही मुंबईत झाली, म्हणजे कायदा भारताचाच.’ तसं नाही. परदेशाशी जोडलेल्या कराराला कुठला कायदा लागतो, यासाठी आपल्याकडे वेगळा लिखित कायदा नाही. नियम न्यायालयांच्या निकालांतून आला आहे. एनटीपीसी विरुद्ध सिंगर कंपनी या 1992 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो स्पष्ट केला. करारात कायदा उघडपणे निवडला असेल तर तोच लागतो. निवडला नसेल तर इतर अटींवरून दोघांचा हेतू शोधायचा. तोही कळला नाही, तर कराराचं सर्वांत जवळचं आणि खरं नातं कुठल्या देशाच्या कायद्याशी आहे ते बघायचं. सही कुठे झाली, काम कुठे व्हायचं, पैसे कुठल्या चलनात, पक्षकार कुठले, हे सगळं इथे एकत्र तोललं जातं. त्या खटल्यात लवाद लंडनमध्ये बसला होता, तरी करारात भारतीय कायदा लिहिलेला असल्याने तोच लागू ठरला.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. कायदा आणि न्यायालय या दोन वेगळ्या निवडी आहेत, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. आफ्रिकेतून कोचीला आलेल्या कच्च्या काजूचा माल कमी भरला, म्हणून तो मागवणाऱ्या व्यापाऱ्याने कोचीत दावा लावला. जहाज कंपनीच्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीवर, मात्र इंग्लंडचा कायदा आणि इंग्लंडची न्यायालयं, अशी अट छापलेली होती. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट मान्य केली. माल कोचीत उतरला, तोटा कोचीत झाला, तरी दावा कोचीत चालला नाही. छापील अटी वाचायला कंटाळा करणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल सांगावासा वाटतो.

याच्या उलटही घडतं. करारात परदेशी कायदा आहे, पण न्यायालयाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. तेव्हा दावा मुंबईत चालू शकतो आणि मुंबईचं न्यायालय परदेशी कायदाही लावू शकतं. मात्र तो कायदा आपल्याकडे एखाद्या वस्तुस्थितीसारखा मांडावा आणि शाबीत करावा लागतो, तज्ज्ञाची साक्ष आणावी लागते. कोणी तो शाबीत केलाच नाही, तर न्यायालय सहसा तो भारतीय कायद्यासारखाच आहे असं धरून चालतं.

आता झेंडा. ‘जहाज पनामाचं, आपलं काय चालणार?’ असं म्हणून पगार सोडून देणाऱ्या खलाशांविषयी मला खरंच वाईट वाटतं, कारण इथे कायदा त्यांच्या बाजूचा आहे. परदेशी जहाज आपल्या बंदरात आलं की ते इथल्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतं, हे ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्येच सांगितलं. तो वाद मुरगावहून निघालेल्या मालाचा होता. 2017 चा नाविक अधिकारितेचा कायदा 1 एप्रिल 2018 पासून लागू झाला आणि त्याने खलाशाच्या थकलेल्या पगाराला जहाजावरच्या हक्कांत पहिली जागा दिली. घरी परतण्याचा खर्चही त्यात येतो. पगार नेमका किती देणं लागतो, हे करारावरून आणि त्याला लागणाऱ्या कायद्यावरून ठरेल. पण जहाज आपल्या हद्दीत असताना अडकवून ठेवण्याचा हुकूम मुंबई उच्च न्यायालय देऊ शकतं. मालक बदलला, झेंडा बदलला, तरी तो हक्क जहाजाला चिकटून राहतो.

एजंटचं गणित वेगळं. तो भारतात धंदा करतो, त्याला जहाजवाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो, आणि करारात कुठलाही कायदा लिहिला तरी त्या परवान्याच्या अटी सुटत नाहीत. भारताने 2015 मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. पासपोर्ट, खलाशाचं पुस्तक आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च तेवढा त्याच्यावर पडू शकतो. त्यापलीकडे कोणी लाखांत मागत असेल, तर सही करण्याआधी परवाना क्रमांक महासंचालनालयाकडे तपासून घ्यावा. त्याचं कार्यालय कांजूरमार्गला आहे.

एक मुदत मात्र कुणी सांगत नाही. पगाराचा जहाजावरचा हा हक्क कायम टिकत नाही. रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांत जहाज अटकेत आलं नाही, तर तो संपतो.