रानडुक्कर आणि आपली पायवाट

पालघर, मनोर, बोईसर, डहाणू या बाजूच्या माणसाला जंगलातल्या कोणत्या जनावराची भीती वाटते असं विचारलं, तर तो चटकन बिबट्याचं नाव घेईल. बिबट्या दिसला की गावात दवंडी पिटल्यासारखी बातमी पसरते आणि पोरं घरात घेतली जातात. रानडुक्कर दिसलं तर मात्र आपण म्हणतो, "हात्तिच्या, डुक्कर तर आहे!" आणि दगड उचलतो. घात होतो तो इथंच. बिबट्या बहुतेक वेळा माणसाला टाळून निघून जातो. डुक्करही टाळतं, पण कोंडीत सापडलं की सरळ अंगावर येतं. मराठीत 'मुसंडी मारणे' म्हणतात ना, त्याचा अर्थ पाहायचा असेल तर चवताळलेलं डुक्कर पाहावं. अर्थात, ते लांबून पाहिलेलंच बरं!

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. पुरता वाढलेला नर खांद्यापाशी सुमारे ९० सेंटिमीटर, म्हणजे तीन फूट उंच असतो, आणि त्याचं वजन शंभर किलोच्या वरही जातं. मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ असते. खालच्या जबड्यातले सुळे जन्मभर वाढतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून घासून त्यांना धार चढते. विळा सहाणेवर घासावा तसंच हे. हल्ला करताना नर मुंडकं खाली घालतो आणि सुळे खालून वर मारतो. म्हणून जखमा बहुधा पोटरीला, मांडीला होतात. मांडीतून रक्ताची मोठी नस जाते. ती तुटली तर माणूस थोड्या वेळात हातचा जातो. मादीचे सुळे लहान असतात, पण ती कडकडून चावते.

त्याची नजर अधू असते. नाक आणि कान मात्र फार तीक्ष्ण. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. वारा तुमच्याकडून डुकराकडे वाहत असेल, तर तुमचा वास त्याला आधीच लागतो आणि ते निघून जातं. वारा उलटा असेल आणि तुम्ही गवतातून गुपचूप चालला असाल, तर दोघांचीही गाठ चार पावलांवर पडते. तेव्हा ते जसं दचकतं तसे तुम्हीही दचकता. पण सुळे त्याच्याकडे असतात, तुमच्याकडे नसतात.

तर मग डुक्कर अंगावर येतं केव्हा? मुख्यतः चार वेळा. एक, अचानक समोरासमोर आलं तर. दोन, मादीजवळ पिल्लं असली तर. पावसाळ्याच्या आगेमागे पुष्कळदा पिल्लं होतात. विण्याआधी मादी गवत-काटक्या गोळा करून घरटं करते. अंगावर पट्टे असलेली चिमुकली पिल्लं दिसायला मोठी गोजिरी. पण ती दिसली की समजावं, आई पाच-दहा पावलांवरच आहे. पिल्लू हातात धरून घरी आणण्याचा मोह तर कधीच नको. तीन, जनावर जखमी असलं तर. आणि चार, कुत्रं मागे लागलं तर. आपल्याला वाटतं, कुत्रं सोबत असलं म्हणजे राखण झाली. पण होतं उलटं. कुत्रं भुंकत जाळीत शिरतं, डुक्कर उलटतं, आणि कुत्रं शेपूट घालून धन्याकडे पळत येतं. त्याच्यामागून डुक्करही येतं! रानात कुत्रं नेलंच, तर दोरीनं बांधून न्यावं.

आपल्या भागात ही गाठ पडण्याच्या जागा आणि वेळा ठरलेल्या आहेत. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं वेचायला बाया-माणसं पहाटेच्या अंधारात निघतात. डुकरालाही मोह आवडतो, आणि त्याचीही चरायची वेळ तीच. मे महिन्यात करवंदाच्या जाळ्या, ओढ्याकाठचा चिखल. अश्विन-कार्तिकात भाताची खाचरं आणि कापणीला आलेलं उंच गवत. आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून फटफटीवरून गावाकडे परतणाऱ्यांसाठी रस्ता हीच ती जागा. एक डुक्कर रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग वाढवू नका. मागून कळपातली बाकीची येत असतात.

वाट डुकराची आहे हे कसं ओळखावं? नांगरल्यासारखी उकरलेली माती, चिखलातल्या लोळणीच्या ताज्या खुणा, आणि झाडाच्या बुंध्याला कमरेइतक्या उंचीपर्यंत घासलेला चिखल. हा चिखल ओला असेल तर पुढे जाऊ नका, दुसरी वाट धरा. एरवीही रानात दोघं-चौघं मिळून चला, मोठ्यानं बोलत चला, हातातली काठी वाटेवर आपटत चला. पहाटे निघण्याऐवजी नीट उजाडल्यावर निघालात तर आणखी चांगलं. मोहाची चार फुलं कमी मिळतील, मिळोत बापडी.

आता समजा, गाठ पडलीच. डुक्कर थबकलं, आयाळ ताठ झाली, शेपटी वर गेली, दात कटकट वाजू लागले, नाकातून फुस्कारे येऊ लागले. हा त्याचा इशारा आहे. ते सांगतं आहे, "बाजूला हो." तेव्हा बाजूला व्हा. ओरडू नका, दगड मारू नका, आणि पाठ करून धूम पळू नका. थोड्या अंतरात ते माणसापेक्षा कितीतरी वेगानं धावतं. त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरा आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. पिल्लं आणि आई यांच्यामध्ये उभे राहू नका.

तरीही ते आलं तर जाड झाडाच्या आड व्हा. झाडावर चढता आलं तर उत्तम. उंच खडक असला तरी चालेल. डुकराला चढता येत नाही. काहीच जवळ नसेल तर टोपली, काठी, मोळी, जे हाती असेल ते त्याच्या आणि आपल्या पायांच्या मध्ये धरा. होता होईल तो खाली पडू नका. पडलात तर लगेच उठायची धडपड करा.

कुणाला जखम झाली तर पहिलं काम रक्त थांबवण्याचं. स्वच्छ फडक्याची घडी करून जखमेवर घट्ट दाबून धरा आणि सोडून सोडून पाहू नका. हळद, चुना, तंबाखू, झाडपाला काही भरू नका. रक्त भळभळत नसेल तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. जखम लहान दिसली तरी दवाखान्यात जाच; धनुर्वाताची आणि पिसाळ रोगाची लस लागेल का, हे डॉक्टरांना ठरवू द्या. वनखात्याला त्याच दिवशी कळवा. त्यांचा क्रमांक १९२६. नुकसानभरपाईसाठीही ही नोंद लागते.

"पण आमच्या भाताची नासाडी होते, त्याचं काय?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. एका रात्रीत कळप सगळं खाचर लोळवून टाकतो, आणि त्यामागे चार महिन्यांचे कष्ट असतात. नासाडीचा पंचनामा करून भरपाई मागा. तो तुमचा हक्क आहे. राखणीला बसायचं तर उंच माळ्यावर बसा आणि डबा वाजवा. पण शेताभोवती विजेची उघडी तार सोडू नका. त्या तारेला डुक्कर आणि शेजाऱ्याचं पोर यांतला फरक कळत नाही.

आणि शिकारीचं नावच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीवाचून रानडुक्कर मारणं हा गुन्हा आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. २०२५ च्या जानेवारी अखेरीस मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात काही गावकरी डुकराच्या शिकारीला गेले. झाडीत हालचाल झाली, डुक्कर समजून गोळी सुटली, आणि ती लागली बरोबरच्याच एका माणसाला. तो माणूस गेला. कितीतरी दिवस ही गोष्ट बाहेर आली नाही; आली तेव्हा सोबती तुरुंगाच्या वाटेवर होते. डुकराचा सुळा त्या दिवशी कुणाला लागलाच नव्हता.

गुरुजी आणि बाई, तुम्हाला एक विनंती. तुमच्या शाळेत रानवाटेनं येणारी मुलं आहेत. एक दिवस त्यांच्याकडून गावाचा नकाशा काढून घ्या. ओढा कुठं, करवंदीच्या जाळ्या कुठं, उकरलेली माती कुठं दिसली, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यावरून शाळेची वाट ठरवा, आणि त्या वाटेनं मुलं एकेकटी न येता मिळून येतील असं पाहा. ती मोठ्यानं पाढे म्हणत आली तर दुहेरी लाभ: पाढेही पाठ होतील, आणि डुक्करही वेळीच बाजूला होईल.